बुडबुडा

जांबोटीकडून टेम्पोत घालून आणली ती,
चार फुगीर चाकांची, रिसॉर्टवाल्यांची.
पाहुणे एटीव्ही म्हणतात, गावची पोरं बेडूक.
किक मारली तर धोंड्यावर पाय आपटल्यागत.
मॅनेजर म्हणाला, जाम.
पोरानं पेट्रोलात ऑइलच घातलं नाही.
आधी पगार कापला, मग पोरालाच काढलं.
सातेरी नाव त्याचं.

मी काही बोलले नाही.
हेड उतरवलं, वरून डिझेल ओतलं,
दोन रात्री मुरू दिलं.
तिसऱ्या दिवशी पिस्टनवर सागवानी ठोकळा
आणि हातोडा, हळू.
दस्तगीरमामू शिकवायचे,
"मारायचं नाय गं, इचारायचं."
विचारत राहिले. दुपारच्या पॅसेंजरनं
खानापूर स्टेशन सोडलं तेव्हा कुठं
केसभर हललं.

सायलेन्सरच्या अंगाला पिस्टन सोललेला,
तव्याला घावन धरावं तसं
ॲल्युमिनियम बोअरला धरलेलं.
मागची बाजू मात्र गुळगुळीत.
टाळकं पांढरट, भाजकं.
खाली क्रँकच्या बेअरिंगवर बोट फिरवलं,
बोट निळं झालं, बुळबुळीत.

तेल होतं.

धुण्याच्या दगडावर बसून मी चहा प्याले,
पुन्हा जाऊन बोट फिरवलं.
होतं.

उद्यमबागेत भरमाण्णांच्या शेडवर
पाटी कन्नड, हिशेब मराठी,
आणि लेथला शिव्या दोन्हीत.
अर्धा मिलिमीटर बोअर वाढवून दिला त्यांनी,
होनिंगच्या रेघा उजेडात धरून दाखवल्या,
लेकीचं अक्षर दाखवावं तशा.
पिस्टन कोल्हापूरहून यायचा होता.
त्या आठवड्यात तिकडच्या बसा
कोगनोळीच्या नाक्यावरूनच माघारी फिरत होत्या,
कुणी कुठल्या बसला काळं फासलं होतं की.
कागलच्या एका दूधवाल्यानं
किटल्यांच्या मधे ठेवून पलीकडं आणला.
पिस्टनला कुठली भाषा,
वास मात्र दह्याचा.

रिंगा घातल्या, फटीत फीलर सरकवून पाहिला.
पिनेच्या क्लिपा नव्या; जुनी परत वापरायची नाही,
एकदा वापरली होती, ती गोष्ट नको.

जुळणी झाली. सगळ्यांना वाटलं आता किक.
मी दोन्ही तोंडं ट्यूबच्या रबरानं बांधली,
सायकलच्या पंपानं जपून हवा भरली,
आणि साबणाचं पाणी ब्रशनं लावत गेले,
बुडाशी, सांध्यांना, मॅग्नेटोच्या मागं.

तिथं.

एकच बुडबुडा,
वाटाण्याएवढा, मग लिंबाएवढा.
फुटला. पुन्हा आला.
क्रँकचं सील, चाळीस रुपयांचं,
ओठ फाटलेला.
तिथूनच चोरून हवा ओढत होती बेडकी,
पेट्रोल कमी, हवा जास्त,
चढावर तापली, आणि धरली.

मॅनेजरला फोन केला.
"बरं बरं," म्हणाला, "पण आता महिना झाला की.
दुसरा पोरगा ठेवलाय."
सातेरी निपाणीत तंबाखूच्या वखारीत पोती उचलतो,
टेम्पोवाल्या नागेंद्रनं सांगितलं, त्याच्याच गल्लीतला.

बिलावर मी लिहिलं: दोष सीलचा, पोराचा नव्हे.
खाली कन्नडमध्ये: तप्पु हुडुगंदल्ल.
काना-मात्रा भरमाण्णांकडून तपासून घेतली.
फाटकं सील काडेपेटीत घालून नागेंद्रकडं दिलं.
"ह्याचं काय करू?"
"त्याला दे. तो बघील काय करायचं ते."

सातव्या किकेला पकडलं.
निळा धूर गल्लीभर,
समोरच्या मावशींनी वाळत घातलेले पापड आत नेले.
पहिल्या दोन टाक्या हळू चालवा, तापली की थांबा,
असं मॅनेजरला सांगत होते; तो फोनवर होता.

पहिली टाकी मीच मिसळली,
मापाच्या बाटलीवर खिळ्यानं खूण ओढून,
आणि नागेंद्रला समोर उभं केलं:
बघ नीट.
उद्या विचारलं तर सांगशील,
घातलं होतं.